बहिणाबाईंचा आवाज कुठे सेव्ह आहे? एक जातं, एक वही आणि तुमच्या फोनचा माइक

आज नवीन फोनचा रिव्ह्यू नाही, की कुठल्या अ‍ॅपची ट्रिक नाही. आज एका बाईची गोष्ट सांगतो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तिची गाणी आज तुमच्या प्लेलिस्टमध्ये सापडतात. आणि तिचा स्वतःचा आवाज मात्र कुठेच सापडत नाही.

सुरुवात माझ्या फोनपासून करतो. मी धुळ्याचा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात लग्न होतं. हळदीच्या आदल्या दिवशी माळ्यावरचं जातं खाली काढलं, धुतलं, पुजलं. आजी बसली, समोर मावशी बसली, दोघींनी खुंटा धरला आणि आजीने ओवी धरली. मी लगेच फोन काढला, व्हॉइस रेकॉर्डर चालू केला आणि जात्याच्या जवळ ठेवला. मनात म्हटलं, ह्यावर झक्कास रील होईल.

रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर आजीचा आवाज होता, पण जातं गायब! ती घरघर, ती लय, काहीच नाही. आजी एखाद्या रिकाम्या खोलीत एकटीच गात असल्यासारखी वाटत होती. आणि ओवीचा शेवट जिथे ती एकदम हळू करते, तिथे आवाज उगाच मोठा झालेला.

फोनने हे का केलं ते पुढे सांगतोच. पण त्या रात्री मला पहिल्यांदा आठवल्या त्या बहिणाबाई चौधरी. शाळेत आपण त्यांच्या कविता पाठ केल्या. पण त्या तर गात होत्या. पाठ्यपुस्तकात आपल्याला जे मिळालं ते माझ्या त्या फाइलसारखंच होतं. शब्द आहेत, बाकीचं गेलं.

## 1880: आसोदे आणि बोलणारं मशिन

जळगावला लागून आसोदे नावाचं गाव आहे. तिथल्या महाजन घराण्यात 1880 साली नागपंचमीच्या दिवशी बहिणाबाईंचा जन्म झाला. वडील उखाजी, आई भीमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, भरलं घर आणि शेती. शाळेचा प्रश्नच नव्हता. मुलींनी शाळेत जायचं असतं हे त्या काळी गावात कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

आता टेक्नॉलॉजीची तारीख बघा. 1877 मध्ये, म्हणजे बहिणाबाईंच्या जन्माच्या फक्त तीन वर्षं आधी, अमेरिकेत एडिसनने फोनोग्राफ बनवला. माणसाचा आवाज धरून ठेवून परत ऐकवणारं हे पहिलं यंत्र. म्हणजे रेकॉर्डिंगची टेक्नॉलॉजी आणि बहिणाबाई जवळजवळ एकाच वयाच्या. दोघी बरोबरच मोठ्या झाल्या, पण त्यांची गाठ पडली नाही. ही पूर्ण गोष्ट त्या न झालेल्या भेटीची आहे असं म्हटलं तरी चालेल.

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचं लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींशी झालं. सासर मोठं, कामं त्याहून मोठी. पहाटे दळण, मग पाणी, चूल, गुरं, शेत, पेरणी, निंदणी, कापणी आणि पुन्हा चूल. काशी ही मुलगी आणि ओंकार, सोपानदेव हे दोन मुलगे झाले. ओंकारला प्लेगने गाठलं. तो वाचला, पण अपंग झाला. आणि बहिणाबाई तिशीत आल्या तेव्हा नथूजी गेले. सोपानदेवांचा जन्म 1907 चा. म्हणजे वडील गेले तेव्हा ते जेमतेम तीन-चार वर्षांचे असतील.

तिशीतली विधवा, तीन मुलं, शेतीची कामं आणि त्या काळचा समाज. एवढ्यावर आपण एखादी दुःखाची स्टोरी संपवून टाकली असती. बहिणाबाईंचं खरं काम मात्र इथून पुढेही चालूच राहिलं. त्या गात राहिल्या.

## पेन नाही, कागद नाही. मग सेव्ह कुठे व्हायचं?

हा प्रश्न आपल्या साइटचा आहे, म्हणून जरा थांबतो. लिहिता न येणारं माणूस कविता करतं म्हणजे नक्की काय करतं? टाइप नाही, ड्राफ्ट नाही, डिलीट नाही. ओळ सुचली की ती लगेच डोक्यात टिकली पाहिजे, नाहीतर गेली.

बहिणाबाईंकडे यासाठी तीन गोष्टी होत्या आणि तिन्ही गोष्टी इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगता येतात.

पहिली, आठ अक्षरं. त्यांच्या बहुतेक ओळी आठ-आठ अक्षरांच्या आहेत. घरी पुस्तक असेल तर बोटांवर मोजून बघा. याचा फायदा काय? तुमच्या आधार क्रमांकात 12 आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून हिशेब करून काढलेला असतो. टाइप करताना एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही आणि सिस्टिमला चूक कळते. आठ अक्षरांची ओळ तेच काम करते. गाताना एक शब्द विसरला किंवा बदलला की लय अडखळते. चूक झाली हे कानाला लगेच कळतं, आणि बरोबर शब्द सापडेपर्यंत मन स्वस्थ बसत नाही.

दुसरी, यमक. चौथ्या ओळीचा शेवट दुसरीच्या शेवटाशी जुळतो. म्हणजे अर्धी माहिती हरवली तरी उरलेल्या अर्ध्या भागावरून ती परत मिळवता येते. कोपरा खरवडलेला क्यूआर कोड तरीही स्कॅन होतो ना? तसंच.

तिसरी, जातं. दोन दगड, एक खुंटा आणि फिरणारा हात. प्रत्येक फेऱ्याला ठरावीक वेळ लागतो, आणि जड दगडामुळे तो वेग एकदम बदलतही नाही. म्हणजे हा मेट्रोनोम झाला. शिवाय दगडाची घरघर हा खालचा एकसारखा सूर. तंबोरा जसा गाणाऱ्याला धरून ठेवतो, तशी ही घरघर ओवी गाणारीला धरते. दाणे वैरण्यासाठी हात थांबला की ओवीतही श्वास घ्यायला जागा मिळते.

आवाज, कविता आणि मशिन अशी ही तीन भागांची सिस्टिम आहे. फक्त मशिनला वीज लागत नव्हती.

## त्यातलं प्रेम

प्रेमाचं गाणं म्हटलं की आपल्याला एक मुलगा, एक मुलगी आणि पाऊस आठवतो. बहिणाबाईंच्या गाण्यांत प्रेम भरपूर आहे, पण ते वेगळ्या पत्त्यावर राहतं. पिल्लांसाठी झाडाला घर टांगणाऱ्या सुगरण पक्ष्यावर प्रेम आहे. माहेरच्या वाटेवर आहे, इतकं की त्या वाटेवरचे दगडसुद्धा ओळखीचे वाटावेत. जमिनीखाली झोपलेल्या बियांवर आहे. मन कसं धावतं यावर त्या गातात, तेव्हा उभ्या पिकात शिरलेल्या गुराइतकं ते मन ओळखीचं वाटतं. संसाराला त्या नावं ठेवत नाहीत, पण चटके लपवतही नाहीत.

आणि नवऱ्यावरचं प्रेम? ते नवरा गेल्यानंतरच्या एका कवितेत आहे. त्यात त्या पुसलेल्या कुंकवाकडे, फुटलेल्या बांगड्यांकडे बघतात. रडतात आणि रडता रडताच स्वतःला सावरायला लागतात. नथूजी कसे दिसायचे, काय बोलायचे, हे त्या सांगत नाहीत. पण आता आपला जीव आपल्यालाच सांभाळायचा आहे एवढं कळायला किती प्रेम गमवावं लागतं, ते त्या कवितेतून कळतं.

मी हे शब्द वाचले तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. त्या हे कशा गायच्या? कुठल्या शब्दावर आवाज अडायचा? शेवटची ओळ जोरात म्हणायच्या की पुटपुटायच्या? कागदाला याचं उत्तर माहीत नाही.

## मशिन होतं, मग अडलं कुठे?

तुम्ही म्हणाल, जुना काळ, रेकॉर्डिंग नसेलच. चूक! ही तारखांची यादी बघा.

- 1902: कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोन कंपनीने रेकॉर्ड केलं. बहिणाबाई तेव्हा 22 वर्षांच्या.
- 1925: मोठ्या कर्ण्यात ओरडून गाण्याचे दिवस संपले आणि इलेक्ट्रिक मायक्रोफोनने रेकॉर्डिंग सुरू झालं. आता हळू आवाजही धरता येऊ लागला. बहिणाबाई 45 च्या.
- 1927: मुंबईत रेडिओ स्टेशन सुरू झालं. बहिणाबाई 47 च्या.
- 1935: जर्मनीत टेप रेकॉर्डर लोकांसमोर आला. बहिणाबाई 55 च्या.

आणि आपल्या खान्देशाचंच उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरजवळचं थाळनेर हे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचं सासर, म्हणजे लताबाईंचं आजोळ. दीनानाथ 1942 मध्ये गेले, पण त्यांचा आवाज तबकड्यांवर आहे आणि आजही ऐकता येतो. म्हणजे थाळनेरच्या जावयाचा आवाज टिकला, जळगावच्या सुनेचा नाही.

कारण सोपं आहे. रेकॉर्डिंगचं मशिन जड होतं, महाग होतं आणि कंपनीच्या ताब्यात होतं. कंपनी रेकॉर्ड करायची ते विकलं जाणारं गाणं. दीनानाथ नाटक कंपनीचे स्टार होते. पहाटे दळताना गाणाऱ्या बाईला तिकीट नव्हतं. शिवाय जुन्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपायची. दळण तासभर चालतं.

खुद्द धुळ्यात तेव्हा जपणुकीचं केवढं मोठं काम चाललं होतं! इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी कागदपत्रं गोळा करत होते. 1926 मध्ये ते धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाची संस्था आजही इथे ती कागदपत्रं सांभाळते. कागद जपायचा असतो हे लोकांना कळलं होतं. बाईच्या तोंडातली ओवीही जपायची असते, हे कळायला वेळ लागला.

## बॅकअप एकच: एक वही

बहिणाबाईंचा आवाज नाही वाचला, पण शब्द वाचले. ते दोन मुलांमुळे. एक त्यांचा मुलगा सोपानदेव, जो पुढे स्वतः मराठीतला नावाजलेला कवी झाला. दुसरे त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी. आई शेतात, घरात, जात्यावर गाणं म्हणायची आणि हे जमेल तसं टिपून घ्यायचे. बाकीचं किती हवेत गेलं त्याचा हिशेब नाही. टिपलं ते राहिलं, एवढंच.

3 डिसेंबर 1951 रोजी जळगावात बहिणाबाई गेल्या. 71 वर्षांचं आयुष्य. तोपर्यंत घराबाहेर, गावाबाहेर त्यांना कवयित्री म्हणून ओळखणारं फारसं कुणी नव्हतं.

मग सोपानदेवांकडची ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली. अत्रे म्हणजे त्या काळातलं केवढं मोठं नाव! त्यांनी ती गाणी छापायलाच हवीत असं ठरवलं, प्रस्तावना लिहिली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. पुस्तकाचं नाव नीट बघा: 'बहिणाबाईंची गाणी'. कविता नाही, गाणी. नाव देणाऱ्यांना माहीत होतं की हे वाचायचं नाही, ऐकायचं आहे.

बहिणाबाईंनी ते पुस्तक पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. शाळेत न गेलेल्या बाईच्या नावाने आज हजारो पोरांच्या मार्कशीट छापल्या जातात.

## वहीने काय धरलं, काय सोडलं

टेक्स्ट फाइल छोटी का असते आणि ऑडिओ फाइल मोठी का? कारण टेक्स्टमध्ये फक्त अक्षरं असतात. चार ओळींची ओवी अर्ध्या केबीत बसते. तीच ओवी अर्धा मिनिट गायली आणि चांगल्या क्वालिटीत रेकॉर्ड केली, तर अडीच एमबी लागतात. म्हणजे हजारो पट फरक. तो सगळा फरक वाया जाणारा डेटा नाही. त्यात गाणाऱ्याचं वय आहे, दमलेला श्वास आहे, कुठल्या शब्दावर ती हसली, कुठे गळा दाटला, मागे कोंबडा आरवला का, हे सगळं आहे.

उच्चारांचंही तसंच. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. आमच्या धुळ्याकडे अहिराणी बोलतात. दोन्हींत 'ळ'चा 'य' होतो. डोळा नाही, डोया. केळी नाही, केयी. वहीत हे बऱ्यापैकी उतरलंय, आणि त्याबद्दल लिहिणाऱ्यांचे आभार मानायला हवेत, कारण त्यांनी आईची भाषा सुधारायच्या नावाखाली पुस्तकी केली नाही. आज तुमचा कीबोर्ड हेच करायला बघतो. 'डोया' टाइप करा, तो 'डोळा' सुचवेल. तुमच्या दृष्टीने ते बरोबर लिहिलेलं असतं, कीबोर्डच्या दृष्टीने चुकीचं.

पण अक्षर बोली दाखवतं, हेल दाखवत नाही. 'य' लिहिता येतो. तो खान्देशी तोंडात किती लांबतो, ते लिहिता येत नाही.

## इलेक्ट्रोअकूस्टिक म्हणजे काय भाऊ?

आता एक मोठा शब्द. घाबरू नका. माइकने धरलेला खरा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कापून, ताणून, उलटा करून, थरावर थर लावून स्पीकरमधून ऐकवायचं संगीत, त्याला इलेक्ट्रोअकूस्टिक म्हणतात. तुम्ही रीलमध्ये आवाज स्लो करता, इको लावता, लूप करता. त्याचे आजोबा म्हणजे हे संगीत.

1948 मध्ये पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले आणि त्यांची जुळवणी करून संगीत म्हणून वाजवले. यंत्राची घरघर हेही संगीत असू शकतं, हे तेव्हा जगाला मोठं नवल वाटलं. त्या वर्षी बहिणाबाई जळगावात होत्या, 68 वर्षांच्या. जात्याच्या घरघरीवर गाणं कसं बसवायचं हे त्यांना कुणी विचारायला हवं होतं!

दहा वर्षांनी, 1958 मध्ये, इटलीतल्या मिलानच्या रेडिओ स्टुडिओत लुचानो बेरिओ यांनी आपली बायको कॅथी बर्बेरियन हिचा वाचनाचा आवाज टेपवर घेतला. मजकूर जेम्स जॉइसच्या कादंबरीतला. मग ती टेप कापून, जोडून त्यांनी शब्द विरघळवले, इतके की शेवटी अर्थ जातो आणि फक्त तिचा आवाज उरतो. भारतातही हे आलं. 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गीता साराभाई आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या पुढाकाराने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला.

प्रेम, कविता आणि आवाज यांवर आज असे पूर्ण अल्बम निघतात. मी ते ऐकतो, आवडतात. पण त्या सगळ्यांना एक गोष्ट आधी लागते, ती म्हणजे खरा रेकॉर्ड केलेला आवाज. बहिणाबाईंच्या बाबतीत तीच नाही.

म्हणून त्यांच्या गाण्यांना दुसऱ्यांचे आवाज मिळाले. 1961 च्या 'मानिनी' चित्रपटात संगीतकार वसंत पवारांनी त्यांची गाणी घेतली आणि ती घराघरांत पोचली. पुढे उत्तरा केळकरांच्या आवाजातली बहिणाबाईंची गाणी लोकांनी डोक्यावर घेतली. सुंदरच आहेत ती. माझ्या आईला पुस्तक माहीत नव्हतं तेव्हा गाणी पाठ होती. पण त्या चाली बहिणाबाईंच्या नाहीत आणि मागे वाजतात ती वाद्यं, जातं नव्हे.

## मग एआयने बनवू का त्यांचा आवाज?

हा प्रश्न मला कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. व्हॉइस क्लोनिंग कसं चालतं? मॉडेलला आधी हजारो लोकांचे आवाज ऐकवलेले असतात. मग तुम्ही ज्याचा आवाज हवा त्याचं सॅम्पल देता, काही सेकंदांचं का असेना. त्यावरून मॉडेल त्या गळ्याची वैशिष्ट्यं पकडतं. सॅम्पल नसेल तर पकडायला काहीच नाही. मग जे बाहेर येईल तो कुणातरी बायकांचा सरासरी आवाज असेल, नाव फक्त बहिणाबाईंचं. उद्या कुणी त्यांच्या फोटोला ओठ हलवायला लावले आणि हाच त्यांचा आवाज असं म्हटलं, तर फॉरवर्ड करू नका. ते खोटं आहे, मग कितीही गोड वाटो.

पण पुढची पिढी वाचवता येते. पुण्यात हेमा राइरकर आणि गी प्वातव्हॅं यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून महाराष्ट्रातल्या बायकांच्या जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि कित्येक ओव्या नुसत्या न लिहिता गाणारीच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या. आज 'पारी' या वेबसाइटवर त्या गाणारीच्या नाव-गावासकट ऐकता येतात. जे बहिणाबाईंना मिळालं नाही, ते या बायकांना मिळालं.

## माझ्या फाइलमधलं जातं कुठे गेलं?

आता मूळ प्रश्न. फोनचा माइक मुळात बोलण्यासाठी सेट केलेला असतो. त्यामुळे रेकॉर्डिंग होतानाच दोन सॉफ्टवेअर काम करतात.

एक, नॉइज सप्रेशन. जो आवाज एकसारखा चालू आहे तो कचरा, असं ते धरतं. पंखा, इंजिन, एसी. जात्याची घरघरही एकसारखीच. फोनने आजीच्या गाण्याचा मेट्रोनोम आणि तंबोरा दोन्ही कचरा समजून पुसून टाकले.

दोन, ऑटो गेन. आवाज हळू झाला की ते वाढवतं, मोठा झाला की दाबतं. आजी ओवीच्या शेवटी मुद्दाम हळू करते. फोनला वाटलं, आवाज कमी आला, वाढवू या.

दोष फोनचा नाही, तो त्याला सांगितलेलं काम करतो. मग आपण काय करायचं?

1. साधं मेसेजिंग अ‍ॅपमधलं व्हॉइस नोट वापरू नका. ते पाठवायला हलकं पडावं म्हणून आवाज खूप आवळतात.
2. रेकॉर्डर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जा. नॉइज सप्रेशन, ऑटो गेन, 'स्पीच' किंवा 'इंटरव्ह्यू' मोड बंद करा. 'रॉ', 'अनप्रोसेस्ड' किंवा 'म्युझिक' पर्याय असेल तर तो निवडा.
3. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, 44,100 हर्ट्झ, 16 बिट, मोनो. मिनिटाला साधारण 5 एमबी लागतात. अर्ध्या तासाच्या दीडशे एमबीसाठी दोन-चार रील डिलीट करा, काही बिघडत नाही.
4. फोन जमिनीवर ठेवू नका, जात्याचा हादरा बसतो. उशी किंवा घडी घातलेल्या गोधडीवर, गाणारीपासून दोन हातांवर ठेवा.
5. फ्लाइट मोड लावा. मधेच कॉल आला तर ओवी तुटते, आणि आजी परत तशीच म्हणेल याची गॅरंटी नाही.
6. सुरुवातीला आजीलाच तिचं नाव, माहेर, गाव आणि ओवी कुणाकडून शिकली ते बोलायला लावा. हाच मेटाडेटा. फाइलचं नाव 'न्यू रेकॉर्डिंग 14' ठेवू नका.
7. दोन ठिकाणी बॅकअप. बहिणाबाईंचा बॅकअप एकच वही होती, आपण सुदैवी ठरलो. दर वेळी ठरू असं नाही.
8. टाकण्याआधी तिला विचारा. आवाज तिचा आहे.

आणि बहिणाबाईंच्या शब्दांवर स्वतः काही करून बघायचं असेल, जात्याचा लूप, आजीचं वाचन, थोडा इको, तर जरूर करा. कवीच्या मरणानंतर छापलेल्या पुस्तकावर आपल्याकडे छापल्यापासून 60 वर्षं कॉपीराइट असतो. 1952 च्या पुस्तकातल्या मूळ शब्दांची ती मुदत 2012 अखेर संपली. पण सिनेमातली चाल किंवा कॅसेटवरचं रेकॉर्डिंग उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे आहेत.

मी दिवाळीत पुन्हा जातं काढायला लावलं. आजी वैतागली. आता कसलं दळण, गिरणी आहे ना, म्हणाली. मग बसली. या वेळी सेटिंग बरोबर होतं. फाइल 22 मिनिटांची आहे. त्यात घरघर आहे, बांगड्यांचा आवाज आहे, मधे तिला खोकला येतो, एकदा ती ओवी विसरते, जातं चारेक फेरे नुसतंच फिरतं आणि मग शब्द सापडतो. ते चार फेरे मी कापलेले नाहीत.

बहिणाबाईही कधीतरी अशाच थांबल्या असतील. ते कुणाकडे नाही. तुमच्या घरातलं अजून आहे. आज फोन चार्ज करा आणि आजीजवळ जाऊन बसा.